पडवीतला चुन्याचा खांब

मला बोलायची हौस नाही, आधीच सांगून ठेवतो. नव्या कोर्टाच्या मागं, वकील लोक गाड्या लावतात तिथं मी आडवा पडलोय, आणि पडून राहू द्यावं एवढंच माझं म्हणणं आहे. पण आरती वकीलबाई दुपारचा डबा घेऊन नेमकी माझ्यावर येऊन बसते. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला स्मरणिका काढायची आहे म्हणे, आणि तिच्यात जुन्या कोर्टाचा इतिहास पाहिजे. विचारायचं कुणाला? जुनी माणसं गेली, नवी मोबाईलमध्ये गेली. परवा भाजीचा हात माझ्यावर थोपटत जोडीदारणीला म्हणते, "ह्या लाकडाला तोंड असतं ना, तर स्मरणिकेला पुरवणी काढावी लागली असती."

घे मग पोरी. तोंड नाही, पण सांगतो. स्मरणिकेत शोभेल असं त्यात थोडंच आहे. बाकी सगळं मान खाली घालण्यासारखं. तू छाप न छाप.

मी जुन्या कोर्टाच्या पडवीतला सागाचा खांब. शिक्षण काही नाही. आतल्या जबान्या कानावर पडायच्या, तेवढीच माझी शाळा. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात गावाचा दोष नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या मधलं एक बाजाराचं गाव, एवढं पुरे.

तळेघरावरून खाली उतरताना जे रान लागतं, त्यातला मी. आम्ही सगळे भाऊ एकाच उतारावर वाढलो, एकाच हंगामात तोडले गेलो आणि बैलगाड्यांवर बांधून खाली आलो. तोडताना दुखलं का, असलं विचारू नका. माझ्याजागी तुम्ही असता तर कळलं असतं.

त्याच्या आधी कोर्ट भरायचं ते एका जुन्या गढीतल्या दोन खोल्यांत. एका खोलीत साहेब, दुसरीत कोंबलेली माणसं. साहेब काय म्हणाला ते बाहेर ऐकू यायचं नाही आणि बाहेरच्या कालव्यात साहेबाला साक्षीदार ऐकू यायचा नाही. मग गोऱ्या सरकारनं नवी इमारत बांधायला घेतली. काळ्या दगडाचं कंबरेएवढं जोतं. भिंती हातभर जाड, बैलाच्या घाणीवर दळलेल्या चुन्यात बसवलेल्या. वर मंगलोरी कौलं. मधला दालनाचा भाग एवढा उंच की वरच्या झरोक्यातलं कबूतर खालून चिमणीएवढं दिसायचं. साहेबाचं डोकं थंड राहावं म्हणून छप्पर उंच. पक्षकाराचं डोकं तापलं तरी चालतं, म्हणून त्यांच्यासाठी पुढं बुटकी पडवी.

ती पडवी आमच्यावर उभी होती. दगडी तळखडा पायाखाली, तुळई डोक्यावर, आणि आम्ही सगळे भाऊ एका ओळीत, पोलिसांसारखे.

पण मी सांगतो, खरं कोर्ट पडवीतच भरायचं. आत पिंजऱ्यात माणूस देवाची शपथ घेऊन बिनदिक्कत खोटं बोलायचा. त्यात त्याला पाप वाटत नसे. आतलं बोलणं वकिलानं पढवलेलं, ते वकिलाच्या डोक्यावर, असा सरळ हिशेब. तोच माणूस बाहेर आला की त्याची जीभ जड व्हायची. कारण पडवीत मधला खांब होता.

मधला खांब म्हणजे माझा भाऊ. त्याची गोष्ट अशी, की फार पूर्वी बहिरू नावाचा एक मेंढका साक्षीला आला होता. आत शपथ घेताना तो अडला. म्हणाला, ह्या पुस्तकाची माझी ओळख नाही, खोटी शपथ कशाला घेऊ? मग बाहेर येऊन त्यानं कनवटीचा खंडोबाचा भंडारा हातावर घेतला, दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर काय ते खरं सांगितलं, आणि पिवळा हात मधल्या खांबाला पुसला. भांडण तिथंच मिटलं. तेव्हापासून रीत पडली. आत केस कितीही वर्षं चालो, दोघांपैकी एकजण म्हणायचा, चल, खांबाला हात लाव. भंडारा लावून मधल्या खांबावर हात ठेवून बोललेलं कुणी खोटं मानायचं नाही, आणि तसं खोटं बोलायची कुणाची छाती व्हायची नाही. साहेब लोकांनाही हे माहीत होतं. दोन्ही पक्ष हट्टाला पेटले की ते म्हणायचे, जा, जरा पाणी पिऊन या. पाणी पिऊन माणसं परत यायची ती तडजोड करूनच. पट्टेवाला गेणभाऊ भिंतीतल्या कोनाड्यात भंडाऱ्याची वाटी भरलेली ठेवायचा. सरकारनं त्याला ते काम दिलं नव्हतं, पण त्याच्या मते त्याचं खरं काम तेच.

आणि मी? मी कोपऱ्यातला, पाण्याच्या पिंपाजवळचा. पिंपाशी माणसं थांबायची, तंबाखू मळायची, गप्पा मारायची, आणि बोटाला उरलेला चुना मला पुसायची. राजुरीचा कांदेवाला असो की डोंगरातला भातवाला, बोट माझ्याच अंगाला. वर्षानुवर्षं. माझ्या भेगांत चुना असा ठासून बसला की मी कंबरेपर्यंत पांढरा दिसायचो. लोक मला चुन्याचा खांब म्हणायचे. मी कुरकुर करायचो, ती माझी सवयच आहे. पण लाज वाटत नव्हती. ओळीत कुणीतरी कोपऱ्यात उभं राहायचंच असतं.

लाज पुढं आली.

झालं असं, की छप्पर गळायला लागलं आणि लाकडाला वाळवी लागली. डागडुजीचं काम चांगदेव ठेकेदाराला मिळालं. माणूस इथलाच, जवळच्या वाडीला त्याची द्राक्षाची बाग. सुतारकामात हात चांगला होता, खोटं कशाला बोलू. मे महिन्याची कोर्टाची सुट्टी बघून त्यानं काम काढलं. पडवीत चिटपाखरू नव्हतं. त्यानं कौलं उतरवली, आम्हाला एकेकाला काढून अंगणात निजवलं, आणि ताराच्या ब्रशानं घासून धुतलं. भावाच्या अंगावरचा भंडारा वाहून गेला. माझा वरवरचा चुना गेला, भेगांतला तसाच राहिला.

मग त्यानं मधल्या भावाचा पाय ठोकून बघितला. पोकळ. वाळवीनं आतून खाल्लेला. मधल्या खांबावर दोन तुळयांचा सांधा येतो, सगळा भार तिथं. पोकळ पायाचा खांब तिथं परत उभा करणं म्हणजे पडवी अंगावर घेणं. चांगदेवनं त्याचा खराब पाय करवतीनं कापला, खाली दगडाची चकती दिली, आणि त्याला कोपऱ्यात उभा केला, जिथं भार कमी. मी धडधाकट, म्हणून मला मधोमध नेलं. सुतार म्हणून त्यानं केलं ते बरोबर केलं. तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी कुठंही सांगेन. त्यानं भावाला कोपऱ्यात उभा करताना चपला काढल्या होत्या. मी बघितलं.

फक्त ही अदलाबदल त्यानं कुणाला सांगितली नाही. जूनमध्ये कोर्ट उघडलं. लोकांनी बघितलं, खांब तेवढेच, ओळ तीच. गेणभाऊनं कोनाड्यातली वाटी भरली. लोक मला मधला खांब समजून पाया पडायला लागले, आणि कोपऱ्यात माझ्या भावाच्या अंगाला चुना पुसायला लागले.

मी कसं सांगणार?

आता चिमाबाई. वाडीच्या वरच्या अंगाला धनगरांची चार घरं आहेत. बाकीच्यांनी मेंढरं विकली, पोरं चाकणला कंपनीत गेली. चिमाबाईचा नवरा भिमा वारला, पण तिनं मेंढरं ठेवली. तिची मेंढरं ओढ्यावर पाण्याला जायची ती चांगदेवच्या बागेच्या कडेनं. वाट जुनी, तिच्या सासऱ्याच्या आधीची. चांगदेवनं बाग वाढवली, वाट नांगरली आणि तारेचं कुंपण घातलं. चिमाबाई कोर्टात आली. वाटेचा कागद कुणाकडंच नव्हता. मेंढरांच्या वाटेचा कागद कोण करतं? तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला ती मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून यायची आणि पडवीत पदर सावरत बसून राहायची.

कोर्ट उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांची तारीख होती. साहेब म्हणाले, पाणी पिऊन या. दोघं बाहेर आली. चिमाबाई उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"चांगदेवभाऊ, तुमचा वकील काय बोलतो अन् माझा काय बोलतो, मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी खांबाला हात लावा. भंडारा घ्या अन् म्हणा, तिथनं मेंढरांची वाट कधीच नव्हती. मी आत्ताच्या आत्ता केस काढून घेते."

चांगदेवनं कोपऱ्यातल्या खांबाकडं बघितलं. एकदाच. मग तो पिंपाशी गेला, हात धुतले, आणि ओल्या हातावर भंडारा घेऊन माझ्याकडं आला. त्याच्या चेहऱ्यावर घाम नव्हता. मी लाकूड आहे, पण मला घाम फुटला.

हात माझ्यावर ठेवला. "खंडोबाची आण. तिथनं वाट नव्हती."

आणि हात काढला तर त्याच्या हाताचा ठसा माझ्या अंगावर लालभडक उमटलेला. पिवळ्याचं लाल झालेलं. चांगदेवचा तळवाही लाल. तो स्वतःच दचकून दोन पावलं मागं सरकला.

गेणभाऊनं डोक्यावरची टोपी काढली. "देवानं आण घेतली," तो म्हणाला. बाकीच्यांनी हात जोडले. आणि चिमाबाईनं, जिची वाट गेली तिनं, माझ्या पायाशी डोकं टेकवलं. मग आत जाऊन केस काढून घेतली.

आरतीबाई, तू विचारतेस इतिहास. हा इतिहास. ती बाई माझ्यासमोर वाकली तेव्हा तुळई डोक्यावर होती म्हणून, नाहीतर मी तिथंच आडवा झालो असतो.

त्यानंतर माझी फजिती वाढतच गेली. लाल ठसा बघायला लांबून माणसं यायची. तारखेच्या आधी लोक मला हार घालायचे. एका वकिलानं तर माझ्यासमोर नारळ फोडला आणि त्याच दिवशी केस जिंकला, मग काय विचारता. भंडाऱ्याची वाटी पुरेना. सगळ्यांचं सगळं माझ्याकडं, आणि तिकडं कोपऱ्यात खरा खांब, ज्याच्यासमोर पिढ्यान्पिढ्या माणसं खरं बोलली, त्याच्या अंगावर चुन्याची बोटं. मी त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं.

एकटा चांगदेव त्याला चुना पुसत नसे. दुसऱ्या कामांसाठी कोर्टात यायचा, पिंपाशी तंबाखू मळायचा, आणि बोट शर्टाला पुसायचा. कोपऱ्यातून जाताना वळसा घालायचा. बायको शर्टावरून बोलते, असं तो एकदा कुणाला तरी हसत सांगत होता.

चिमाबाई मेंढरं आता डांबरी रस्त्यानं लांबच्या बंधाऱ्यावर न्यायला लागली. एक दिवस एका टेम्पोनं मेंढी उडवली. मेली नाही, पण पाय सुजला. चिमाबाईनं नेहमीसारखा हळद-चुन्याचा लेप केला. जन्मभर करत आलेली. पण त्या दिवशी लेप कालवता कालवता तिनं आपला तळवा बघितला. लालभडक.

हे तिनंच पुढं पडवीत सांगितलं, म्हणून मला माहीत.

बाजाराच्या दिवशी ती आली. सरळ माझ्यापाशी आली आणि नखानं माझ्या भेगेतलं खरवडलं. जिभेला लावलं. थुंकली. मग कोपऱ्यात गेली. माझ्या भावाचा कापलेला पाय बघितला, खालची दगडाची चकती बघितली. हाताच्या उंचीवरच्या एका खोल भेगेत निरखून बघितलं. तिथं ब्रश पोचला नव्हता आणि जुना पिवळा भंडारा अजून चिकटून होता. मग पिंपाशेजारी बसून राहिली.

चांगदेव आला. सवयीनं पिंपाशी थांबला, पुडी काढली, मळायला लागला.

"मळली का, चांगदेवभाऊ?"

"मळली की. तुमी कशा काय आज?"

"आले अशीच. पुसा की बोट."

"काय?"

"चुन्याचं बोट वो. समदी पुसत्यात ह्या खांबाला. तुमीबी पुसा."

पिंपाशी पाच-सहा माणसं होती. हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, पुस की राव, मावशी सांगतीया तर. चांगदेवचा अंगठा हवेत तसाच राहिला, त्यावर पांढरा चुना. त्यानं खांबाकडं बघितलं नाही. चिमाबाईकडंही नाही.

"पुसा," ती परत म्हणाली. आवाज चढवला नाही. "चुन्याचाच खांब हाय ना?"

हसणं हळूहळू थांबलं. मेंढीच्या लेपाची गोष्ट तिनं तेव्हा सांगितली, चार वाक्यांत: भंडारा म्हणजे हळदच, अन् हळदीला चुना लागला की लाल होतं. सांगून झाल्यावर सगळ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कोपऱ्याकडं. गेणभाऊनं टोपी काढली, पण ती काढून कुठल्या खांबाला हात जोडावेत ते त्याला कळेना. चांगदेवनं अंगठा शर्टाला पुसला आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

केस काढून घेतली होती, आत काही होण्यासारखं नव्हतं. पण त्या आठवड्यात त्यानं कुंपणाची तार स्वतः तोडली. मेंढरं दाटीनं जातील एवढी वाट मोकळी केली, नांगरलेली जमीन धुम्मसानं चोपून घट्ट केली. बायकोला घेऊन चिमाबाईच्या दारात गेला आणि चुकलं म्हणाला. तिनं चहा केला. म्हणाली, वाट द्या अन् वाटेत मेंढरं द्राक्षं खातील ती सोसा. हे सगळं पडवीत येऊन लोक सांगायचे, मी ऐकायचो. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू.

मग तो माझ्या भावाकडं आला. पाण्याचा तांब्या आणि सुरी घेऊन बसला, भावाच्या अंगावरचा चुना अलगद खरवडला, नवा भंडारा लावला आणि त्याच्या कापलेल्या पायावर डोकं ठेवलं.

आणि लोकांनी माझं नाव ठेवलं खोटा खांब. हार काढून टाकले. ज्या वकिलानं नारळ फोडला होता तो माझ्याकडं पाठ करून उभा राहायचा, जसं काही मीच त्याला फसवलं. खोटं बोललं कोण? मी तर बोललोच नाही. मी कधी म्हणालो मी देव आहे? मला मधोमध उभं केलं भार घ्यायला. भार घेतला की नाही? त्या पडवीचं एक कौल माझ्यामुळं हललं असेल तर सांगा.

पुढं नवं कोर्ट झालं. ते तुमच्यासमोर आहे. काचा, लिफ्ट, भिंतीवर पडदा, ज्यात तुरुंगातला माणूस तुरुंगात बसून जबानी देतो. खोल्यांत गारवा आहे, साहेब ऐकू येतो, चांगलं आहे. पण पडवी नाही. आरती, हे मात्र छाप. बांधणाऱ्यानं सगळ्यांना बसायला जागा केली आणि भांडण मिटवायला जागा केली नाही. स्टीलच्या खुर्च्या एकाच तोंडानं मांडल्यात. माणसं एकमेकांकडं बघणार कशी?

जुनी इमारत उतरवली तेव्हा चांगदेव ट्रॅक्टर घेऊन आला. लोकांनी ठरवलं होतं, मधला खांब वाडीच्या खंडोबाच्या देवळापुढं उभा करायचा. माझ्या भावाला त्यानं गोणपाटात गुंडाळून, दोर मऊ बांधून वर चढवलं. ट्रॉलीत जागा होती. एक पोरगा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, हापण घेऊ का?

"तो राहू दे," चांगदेव म्हणाला. "तो खोटा खांब हाय."

आणि ट्रॅक्टर चालू केला.

तेव्हापासून मी इथं पडून आहे. तारखेला आलेली माणसं आत एका तोंडाच्या खुर्च्यांवर अवघडतात आणि बाहेर येऊन माझ्यावर बसतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बोलता बोलता सरकत जवळ येतात. तंबाखू मळतात आणि चुना मला पुसतात. पुसू देत. तो माझाच आहे. भेगांतून अजून चांगदेवचा तळवा थोडा लाल दिसतो, पावसानंही गेला नाही. आरतीनं परवा त्यावर नख फिरवलं आणि विचारलं, हे काय असेल गं?

तर स्मरणिकेत साहेबांची नावं लिही, दगडाचं, कौलांचं लिही, लिफ्टचंही लिही. चिमाबाईला तिची वाट मिळाली, देवाचं देवाला मिळालं, माझा भाऊ देवळापुढं उभा आहे, सगळ्यांची माफी मागून झाली. एका लाकडाची राहिली. ज्यानं माझ्या अंगावर हात ठेवून खोटं सांगितलं आणि खोटा मला म्हणाला, तो रोज ह्याच रस्त्यानं द्राक्षाचे क्रेट घेऊन जातो. गाडी थांबवायला वेळ लागत नाही. शेवटच्या ओळीत त्याचं नाव घाल, बाई. चांगदेव ठेकेदार.